आठे ठेवानं का तठे?

मे महिन्यातली दुपार होती. जळगावात पारा ४४ च्या वर, दुकानातल्या कूलरमधून वाऱ्याऐवजी वाफ येत होती, आणि पारोळ्याकडचे एक निवृत्त गुरुजी ओल्या पंचात गुंडाळलेली हार्डडिस्क माझ्या टेबलावर ठेवत होते. एसटीत ऊन लागू नये म्हणून पंचा ओला केलेला. मी आधी ती डिस्क पुसून कोरडी केली, मग विचारलं, "आत काय आहे?"

आत वीस-बावीस वर्षांची कमाई होती. कॅसेटवरून उतरवलेली अहिराणी गाणी: कानबाईची, आखाजीची, गुलाबाईची, हळदीची, जात्यावरची. गावोगावच्या बायांनी ओट्यावर बसून म्हटलेली. मध्ये बकरी ओरडते, कुणाचं तरी लेकरू रडतं, पण आवाज खणखणीत. गुरुजींना ती जगाला ऐकवायची होती. त्यासाठी एक सर्व्हर भाड्यानं घ्यायचा होता. त्यांचा प्रश्न सरळ होता : "भाऊ, हाई आठे ठेवानं का तठे?"

'तठे' म्हणजे जर्मनी. त्यांचा भाचा तिकडे नोकरीला. त्याचं म्हणणं, मामा, इथे वीज जात नाही, कायदा कडक आहे आणि भाडं तुमच्या रिचार्जइतकं. पुण्यातल्या जावयाचं म्हणणं उलटं: आपल्या आयाबायांची गाणी परक्याच्या मुलखात कशाला? आपला डेटा आपल्या देशात. दोघंही शिकलेले आणि दोघांचंही बोलणं शेवटी झेंड्यावर येऊन थांबलेलं. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यांची पानंही तशीच असतात म्हणा. जर्मनी, फिनलंड, फ्रान्स, नेदरलंड्स, प्रत्येकापुढे एक चिमुकला झेंडा, आणि आपण मेनूकार्डावरून भाजी निवडावी तसा देश निवडायचा.

पंधरा वर्षं लोकांना सर्व्हर घेऊन देण्याचं काम करून माझं एक मत झालं आहे. सर्व्हर घेताना कुठे जायचं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, तिथून परत कसं यायचं. जिथून चंबूगबाळं आवरून एका रात्रीत निघता येतं ती जागा चांगली, मग ती मुंबईत असो की हेलसिंकीत. भाव, वेग, झेंडा हे सगळं त्यानंतर.

पण आधी 'तठे'ची बाजू नीट मांडू, कारण ती लंगडी नाही. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालणारं, तापणारं यंत्र. त्याला वीज लागते आणि जवळजवळ तितकीच काळजी त्याला गार ठेवण्याची घ्यावी लागते. भुसावळ-जळगावच्या उन्हात हा खर्च किती, ते केळीचं कोल्डस्टोरेज चालवणाऱ्याला विचारावं. फिनलंडमध्ये वर्षाचे बरेच महिने खिडकी उघडली तरी काम भागतं. त्यात युरोपात या धंद्यात चुरस मोठी. जर्मनीतली हेट्झनर, फ्रान्समधली ओव्हीएच अशा कंपन्या स्वतःच यंत्रं जुळवतात, स्वतःच्या इमारतीत ठेवतात आणि थोड्या नफ्यात पुष्कळांना विकतात. महिन्याला चार-पाच युरोंत दोन प्रोसेसर, चार जीबी मेमरी, आणि वर तब्बल २० टीबी माहिती बाहेर पाठवायची मुभा. हाच शेवटचा आकडा गुरुजींसारख्यांच्या कामाचा. गाणी म्हणजे जड माल. ऐकणारा आला की माल बाहेर जातो. अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला सुमारे ११ सेंट मोजावे लागतात. पहिले १०० जीबी तेवढे फुकट. महिन्याला ५०० जीबी ऐकलं गेलं तर नुसती वाहतूकच ४० डॉलरच्या वर. गाणी गाजली तर दिवाळं! लोकगीतांच्या संग्रहाला गाजण्याची भीती वाटावी, अशी ही दरपत्रकं.

तेव्हा स्वस्ताई खरी आहे. पण स्वस्त कशातून होतं तेही पाहावं लागतं.

व्हीपीएस म्हणजे आख्खं यंत्र नव्हे, यंत्रातला वाटा. एक मोठा सर्व्हर असतो, त्यावर केव्हीएमसारखी एक प्रणाली बसते, आणि ती त्याचे वीस-तीस किंवा जास्त भाग पाडते. प्रत्येक भाडेकरूला वाटतं, यंत्र आपलंच. हे समजावायला लोक चाळीतल्या खोल्यांचा दाखला देतात. मला आपल्या पांझरेकाठची फड पद्धत जास्त जवळची वाटते. नदीवर बंधारा, बंधाऱ्याचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एक पीक, आणि पाणी पाळीनं. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो. पाणी भरपूर असताना शेजाऱ्याची आठवण कुणालाही होत नाही. पाणी आटलं की कळतं, व्यवस्था खरी की कागदावरची. फड पद्धत शतकानुशतकं टिकली ती पाणी फार होतं म्हणून नव्हे. टंचाईत कुणाचं किती तुटणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि पाटकरी गावातलाच होता, त्याला पारावर जाब विचारता येत होता.

स्वस्त व्हीपीएसवाला पाण्यापेक्षा जास्त जमीन पाटाखाली घेतो. सगळे भाडेकरू एकदम पाणी मागणार नाहीत, या भरवशावर. ही लबाडीच आहे असं मी म्हणणार नाही. विमानाच्या तिकिटांपासून बँकेपर्यंत सगळे हा हिशेब करतात. प्रश्न प्रमाणाचा. आणि प्रमाण कळायला एक सोपी खिडकी आहे. लिनक्सवर 'टॉप' ही आज्ञा दिली की वरच्या ओळीत प्रोसेसरच्या वेळेचा हिशेब दिसतो, त्यात शेवटचा आकडा 'एसटी' या नावाचा. आपल्याकडे एसटी म्हटलं की बस. अर्थ इथेही फार लांब नाही. आपल्या यंत्राला काम होतं, पण मालकानं प्रोसेसर दुसऱ्याला दिला होता म्हणून थांब्यावर ताटकळत गेलेला वेळ, तो हा. शून्य-एक असेल तर ठीक. मी एकदा रात्री नऊ वाजता, युरोपातल्या जेवणाआधीच्या गर्दीत, हा आकडा १८ पाहिलेला आहे. म्हणजे पाच मिनिटांतलं जवळपास एक मिनिट पाट कोरडा. केळीच्या धंद्यात वजनात कटती लागते, पण ती निदान काट्यावर डोळ्यांसमोर लागते. ही कटती आज्ञा दिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून नवा सर्व्हर घेतला की आठवडाभर, वेगवेगळ्या वेळी, हा आकडा वहीत लिहायचा. वर्षाचं भाडं आधी भरून सवलत घ्यायची नाही. सवलत ही बहुतेक वेळा आपला निघून जाण्याचा हक्क विकल्याची किंमत असते.

अंतराचं काय? प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद, यापेक्षा लवकर ब्रह्मदेवालाही जमणार नाही. पण तार सरळ जात नाही. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रातून मार्सेय, असा तिचा नेहमीचा रस्ता. जळगावातून मला जर्मनीचा पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या आगेमागे दिसतो, मुंबईचा वीस-पंचवीस. गाणं ऐकणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. पहिला सूर पापणी लवण्याइतका उशिरा येतो, पुढे अखंड चालतं. पण दालमिलचं बिलिंग तिकडे ठेवलं आणि एका पावतीमागे तीस वेळा विचारणा होत असेल, तर पावतीगणिक साडेचार सेकंद. हमाल ट्रकजवळ उभा, दिवाणजी पडद्याकडे पाहतोय, आणि सर्व्हर किती स्वस्त मिळाला हे मी शेठना सांगतोय, असा प्रसंग माझ्यावर येऊन गेला आहे.

शिवाय तो समुद्रातला रस्ता. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या तेव्हा निम्म्या भारताचं इंटरनेट रांगायला लागलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात तीन तारा गेल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ आणखी. तार तुटली म्हणून माल जळत नाही, फक्त गाडी लांबच्या वाटेनं येते. पण लांबची वाट परवडणारा माल कोणता आणि न परवडणारा कोणता, हे ज्याचं त्यानं आधी ठरवलेलं बरं.

आता कायदा. इथे जावयाचा आणि भाच्याचा दोघांचाही गोंधळ आहे, कारण झेंडा एक दिसतो आणि गोष्टी तीन असतात: यंत्र कुठल्या जमिनीवर आहे, कंपनी कुठल्या देशाची आहे, आणि करारनाम्यात भांडण कुठल्या कोर्टात न्यायचं लिहिलं आहे. अमेरिकी कंपनीच्या डब्लिनमधल्या यंत्रावरची ई-मेल अमेरिकेच्या तपासयंत्रणेनं २०१३ मध्ये मागितली. मायक्रोसॉफ्ट नको म्हणून भांडत राहिली. खटला सर्वोच्च न्यायालयात असतानाच मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लाउड कायदा आला आणि यंत्र परदेशात आहे ही सबब संपली. त्याच वर्षी २५ मे पासून युरोपात जीडीपीआर हा विदा संरक्षणाचा कायदा लागू झाला. तो युरोपातल्या भाड्यानं देणाऱ्यावरही जबाबदारी टाकतो, हे भाच्याचं म्हणणं बरोबर. पण कंपनी अमेरिकी आणि यंत्र फ्रँकफर्टमध्ये असेल तर दोन्ही कायद्यांची ओढाताण आपल्या मालावरून. उलट ओव्हीएच ही फ्रेंच कंपनी, तिनं २०२३ मध्ये मुंबईतही केंद्र उघडलं. आता सांगा, तिथे ठेवलेला माल आठे की तठे?

आणि 'देशातच ठेवा' म्हणणाऱ्यांनी आपला कायदाही वाचावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस आणि व्हीपीएन देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, वापराचं कारण अशी माहिती, गिऱ्हाईक सोडून गेल्यावरही, पाच वर्षं जपून ठेवायची आहे. काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी तेव्हा भारतातली यंत्रंच हलवली. गुरुजींना याची फिकीर नाही. कानबाईची गाणी लपवण्यासारखी नाहीत. पण एखाद्या दवाखान्याला, पतपेढीला किंवा बातमीदाराला फिकीर असू शकते, आणि प्रत्येकाची वेगळ्या कारणानं. २०२३ च्या आपल्या विदा संरक्षण कायद्यानं माहिती बाहेर नेण्याला सरसकट बंदी घातलेली नाही. सरकार ज्या देशांची नावं अधिसूचनेनं मनाईत टाकील तेवढे सोडून मोकळीक. म्हणजे जावईबापूंच्या देशाभिमानाला कायद्याचा पाठिंबा ते समजतात तितका नाही. पेशंटचे कागद मात्र मी विचारल्याशिवाय समुद्रापार नेणार नाही. उद्या वाद झाला तर इथल्या माणसाला भांडायला जर्मन वकील परवडत नाही, एवढं साधं कारण.

पण कायदा, तार, कटती या सगळ्यांहून मोठी गोष्ट १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये घडली. ओव्हीएचच्या आवारातली पाच मजली इमारत जळाली, शेजारच्या इमारतीचा काही भाग गेला. माणूस दगावला नाही. जगातल्या लाखो वेबसाइट एका रात्रीत बंद पडल्या. कंपनी मोठी, देश शिस्तीचा, कायदा कडक, भाच्याच्या यादीतलं एकही कलम कमी नव्हतं. नंतर कोर्टकज्जे झाले. लील इथल्या व्यापारी न्यायालयानं २०२३ मध्ये एका गिऱ्हाइकाला भरपाई मंजूर केली, कारण पैसे मोजून घेतलेली त्याची राखीव प्रतसुद्धा मूळ मालासोबत एकाच ठिकाणी ठेवलेली निघाली. कापसाची गंजी आणि तिच्या विम्याचा कागद एकाच खळ्यात ठेवावा, त्यातली गत. हा प्रसंग मी ओव्हीएचला नावं ठेवायला सांगत नाही. आग कुणाकडेही लागते. त्या रात्री कोण वाचलं, तर ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी होती तो. चांगली कंपनी निवडलेला वाचला असं झालं नाही.

माझ्यावर बेतलं ते मात्र आगीशिवाय. युरोपातल्या एका छोट्या कंपनीकडे माझे तीन सर्व्हर होते, भाडं कार्डावरून आपोआप जायचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांबद्दलचा नवा नियम लागू झाला, दर खेपेला आधी सूचना आणि नोंदवलेली संमती लागायला लागली. नियम गिऱ्हाइकाच्या भल्याचा होता. पण परदेशातल्या बारक्या दुकानदाराला ती पद्धत ठाऊक नव्हती आणि माझी रक्कम परत फिरली. त्यांनी तीन ई-मेल पाठवल्या, तिन्ही स्पॅममध्ये. मी तेव्हा चोपड्याला बहिणीकडे, कापूस वेचणीच्या गडबडीत. चौदाव्या दिवशी यंत्रं पुसली गेली. करारात तसं लिहिलंच होतं, सातव्या कलमात, आणि मी ते 'मान्य' म्हणून टिचकी मारताना वाचलेलं नव्हतं. साडेबारा युरोंची थकबाकी. पुसलेल्या यंत्रांत एका वाचनालयाची सूची होती, पाच हजार पुस्तकांची.

सूची वाचली ती एका योगायोगानं. भुसावळच्या माझ्या पुतण्यानं दोन महिन्यांपूर्वी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिची नक्कल उतरवून घेतली होती. त्याला ती परत कशी मागायची याचीच मला लाज वाटत होती. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे कॉपी नव्हती?" त्या वाक्यानंतर मी माझ्या कामाची पद्धत बदलली. आता दर रविवारी रात्री सगळा माल तिसऱ्याच कंपनीकडे जातो आणि महिन्यातून एकदा मी त्यातलं काहीतरी रिकाम्या यंत्रावर उभं करून पाहतो. नक्कल ठेवणं आणि नकलेवरून पुन्हा उभं करता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी करून पाहिलेली नसेल तर पहिली धरू नये.

निघून जाता न येण्याचं आणखी एक कारण असतं आणि ते खान्देशात कुणाला समजावावं लागू नये: उचल. हंगामाआधी अडत्याकडून उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर न्यावा लागतो, शेजारी चार पैसे जास्त देत असला तरी. मोठ्या क्लाउड कंपन्या नव्या उद्योगांना हजारो डॉलरची फुकट जमा देतात, ती ही उचल. सहा महिन्यांत तुमचं काम त्यांच्याच खास डेटाबेसवर, त्यांच्याच खास रांगांवर बांधलं जातं. फुकट संपतं, बांधणी उरते. आणि २०२४ च्या सुरुवातीपर्यंत तर निघताना माल बाहेर काढायलाही जीबीमागे पैसे पडत. साध्या व्हीपीएसचं मोठेपण इथे आहे. त्यात खास काही नसतं. साधा लिनक्स, साध्या फायली. आज नुरेंबर्गमध्ये, उद्या मुंबईत. युरोपातला स्वस्त सर्व्हर मला आवडतो तो युरोपातला म्हणून नव्हे, असा ओबडधोबड आणि सुटसुटीत असतो म्हणून.

आपल्या मालाची दुसरी प्रत परक्या मुलखात, या विचारानं जावईबापूंना जी टोचणी लागते तिला एक उत्तर महाराष्ट्रात आधीच घडलेलं आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचं काम उभं केलं. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. बर्नार बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक त्यात आले, त्यांनी ध्वनिमुद्रणं केली, सूची बांधली. ती मुद्रणं गुरुग्रामच्या लोकसंगीत संग्रहात राहिली, फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या भाषासंग्रहातही राहिली, आणि २०१७ पासून 'परी' या ऑनलाइन संग्रहानं ती लोकांपुढे आणली. मुळशी-मावळातल्या बाईचा गळा फ्रान्समधल्या यंत्रात आहे म्हणून तो फ्रेंच झाला नाही. त्याला चार घरं झाली.

याच्या उलटं टोक धुळ्यात पाहावं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले, आणि लोक कागद देत नसत. एकच प्रत, वतनाचा दाखला, दिला आणि गेला तर? राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, खंड बावीस झाले. छापणं म्हणजे पाचशे घरी नक्कल ठेवणं. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचे कागद तिथे सांभाळले गेले. मूळ रुमाल एका जागी, मजकूर शेकडो जागी. त्याआधी पुण्याच्या इतिहास संशोधक मंडळाशी न पटल्यावर हा माणूस उठून चालू लागला आणि त्याचं काम अडलं नाही, हेही मला आमच्या धंद्याच्या दृष्टीनं फार बोलकं वाटतं.

तर गुरुजींचं काय ठरलं? सर्व्हर जर्मनीतला, साधा, महिन्याच्या बोलीवर. भाडं भाच्यानं तिकडच्या खात्यातून भरायचं, पण कंपनीकडच्या खात्याचा मालक म्हणून नाव आणि ई-मेल गुरुजींचं. भाचा नोकरी बदलेल, गाव बदलेल, गाणी बदलत नाहीत. वेबसाइटचं नाव दुसऱ्याच कंपनीकडे नोंदवायचं, म्हणजे घर बदललं तरी पाटी तीच. दुसरी प्रत मुंबईतल्या एका स्वस्त साठवणीत. तिसरी ही हार्डडिस्क, गुरुजींच्या कपाटात, कोरड्या फडक्यात. पासवर्ड एका वहीत, वही सुनेकडे. जावईबापूंचं समाधान मुंबईच्या प्रतीनं झालं, भाच्याचं जर्मनीच्या.

फायली चढवण्याआधी मी यादी काढली आणि गुरुजी चष्मा लावून एकेक नाव वाचायला बसले. बराच वेळ वाचत होते. मग पेन्सिलीनं अकरा फायलींवर खुणा केल्या. मी विचारलं, आवाज खराब आहे का? म्हणाले, आवाज सगळ्यांत चांगला याच बाईचा. पण तिनं यात सासूचं नाव घेतलंय, दिराचंही, आणि जे म्हटलंय ते खरं आहे. ती तेव्हा तीस वर्षांची होती, ओट्यावर आम्ही चारच माणसं होतो. आता तिच्या नातवाच्या मोबाइलवर वाजेल.

"बाकीनं चढवा," ते म्हणाले. "हाई मी तिले इचारीसन सांगस."

आणि साडेपाचची धुळ्याची गाडी धरायला ते निघाले.